खेळांतील परग्रह

एकच कथा नाटककाराच्या हातीं पडली व तीच कादंबरीकाराच्या हातीं पडली, तर दोन निराळ्या कथा तयार होतात, हें साहित्याच्या विद्यार्थ्यास मुद्दाम सांगावयास नको. नाटकांतील राजा आपलें दुःख बोलून दाखवितो. कादंबरींतील राजा तें मनांत ठेवून दरबार भरवितो. प्रसंग तोच, माणसें तींच. परंतु पहिला राजा आपणांस ऐकूं येतो व दुसरा आपणांस कळतो. वाङ्मयप्रकार हा कथेच्या अंगावर चढविलेला अंगरखा नव्हे. तो तिच्या अंगांतील सांगाडा होय. हा सिद्धान्त आम्ही महाविद्यालयांत पंचवीस वर्षांहून अधिक काळ शिकवीत आलों आहों, व त्याकरितां शेक्सपिअर, हरि नारायण आपटे वगैरे थोर मंडळींना नेहमीं साक्षीस बोलावीत आलों आहों. अलीकडे मात्र या सिद्धान्ताचें एक ताजें उदाहरण ग्रंथालयाच्या बाहेर आमच्या दृष्टीस पडलें. तें म्हणजे तरुण मंडळी संगणकावर जे विज्ञानकथेचे खेळ खेळतात ते.

या खेळांविषयीं सुशिक्षित कुटुंबांत सामान्यतः दोन मतें ऐकूं येतात. एक मत असें कीं, हे सर्व खेळ म्हणजे मुलांच्या वेळेची, डोळ्यांची व अभ्यासाची नासाडी होय. दुसरें मत असें कीं, त्यांच्या योगानें बुद्धीस चालना मिळते, तेव्हां मुलांना खुशाल खेळूं द्यावें. दोन्ही पक्ष आवेशानें बोलतात, आणि दोघेहि एक गोष्ट गृहीत धरून चालतात. ती ही कीं, खेळ म्हणून जी वस्तु आहे ती सर्वत्र एकच आहे. "पुस्तकें वाचणें चांगलें कीं वाईट?" असें कोणी विचारलें, तर "कोणतें पुस्तक?" असा प्रश्न आपण सहज परत करतों. खेळांच्या बाबतींत हा साधा प्रतिप्रश्न कोणी करीत नाहीं. तो करावा, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतु आहे. यासाठीं आम्हीं मुद्दाम एकच विषय निवडला आहे. सर्व उदाहरणें परग्रहांचीं, अवकाशयानांचीं व भविष्यकाळाचीं. भेद असेल तो केवळ खेळाच्या प्रकाराचा.

आमचा या खेळांशीं परिचय झाला तो चितेगांवास. छत्रपती संभाजीनगरहून पैठणकडे जाणाऱ्या रस्त्यावरील हें गांव एके काळीं व्हिडिओकॉनच्या कारखान्यामुळें सर्वतोमुखीं झालें होतें. दूरचित्रवाणीचे रंगीत संच येथें तयार होऊन देशभर जात. पुढें २०१८ सालीं ही कंपनी नादारीच्या कायद्याखालील कारवाईंत सांपडली, आणि गांवाच्या नांवामागील ती झळाळी ओसरली. आमची धाकटी बहीण या गांवीं दिली आहे. तिचे यजमान, म्हणजे आमचे दाजी, विजेच्या उपकरणांच्या एका दुसऱ्या कारखान्यांत आयुष्यभर 'लाइनवर' काम करून निवृत्त झाले. त्यांचा मुलगा अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षांत आहे. सुट्टीच्या दिवसांत आम्ही या भाच्याजवळ बसून बरेच खेळ पाहिले, कांहीं त्याच्याकडून समजून घेतले, व कांहींत आमचीं बोटें चालतील तितकीं चालवूनहि पाहिलीं.

ज्या संचांनीं हें गांव प्रसिद्धीस आणलें, तसल्या संचांवरच आपल्याकडील एका पिढीनें आपला पहिला विज्ञानकथेचा खेळ खेळला. १९९० नंतरच्या दशकांत दूरचित्रवाणीला एक लहानसा खोका जोडून मुलें 'कॉन्ट्रा' हा जपानी खेळ खेळत. दोन पिळदार जवान डावीकडून उजवीकडे धांवत सुटतात, उड्या मारतात, आणि समोर येईल त्यावर गोळ्या झाडतात. हा खेळ विज्ञानकथेचा आहे, हें त्या मुलांच्या गांवींहि नव्हतें. जपानांतील मूळ कथेप्रमाणें हा प्रसंग सन २६३३ मधला असून शत्रु परग्रहावरून आलेला आहे. परंतु गोळी झाडणाऱ्यास सन कोणता हें विचारण्याची फुरसत नसते. ऐतिहासिक पोशाख चढविला असता, तर हाच खेळ विना तक्रार इतिहासाचा झाला असता.

याच्या उलट, या सर्व खेळांचा जो मूळपुरुष त्याची कुळकथा पाहावी. १९६२ सालीं अमेरिकेंतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी या संस्थेंत स्टीव्ह रसेल व त्याचे मित्र यांनीं पीडीपी-१ नांवाच्या संगणकावर 'स्पेसवॉर' हा खेळ रचला. पडद्यावर दोन यानें व मध्यभागीं एक तारा. यानें एकमेकांवर मारा करीत, परंतु तो तारा दोघांनाहि सारखाच आपल्याकडे ओढीत असे. मागील आकाशांत जे तारे चमकत तेहि मनाचे नव्हते. खऱ्या आकाशाच्या नकाशावरून ते घेतलेले होते. येथें गुरुत्वाकर्षण हा देखावा नव्हता, तो नियम होता. ज्यानें तो ओळखला, त्यानें ताऱ्याच्या ओढीचाच उपयोग करून सफाईनें वळण घेतलें. ज्यानें ओळखला नाहीं, तो शत्रूच्या गोळीवांचून ताऱ्यांत पडून नाश पावला.

हा भेद आम्हांस पुढील सर्व विवेचनाची किल्ली वाटतो. खेळांतील विज्ञान देखाव्यांत असूं शकतें किंवा नियमांत असूं शकतें. पडद्यावर यानें आहेत, किरणशस्त्रें आहेत, म्हणून खेळ विज्ञानकथा झाला असें मानणें, म्हणजे रंगभूमीवर मुकुट आहे म्हणून नाटक पौराणिक झालें असें मानण्यासारखें होय. आणि विज्ञान नियमांत उतरतें कीं नाहीं, उतरलें तर कोणत्या रूपानें उतरतें, हें ठरविणारा अधिकारी म्हणजे खेळाचा प्रकार.

प्रथम गोळीबाराचे खेळ घेऊं. यांचा आद्य व अत्यंत लोकप्रिय नमुना म्हणजे तोमोहिरो निशिकादो यांनीं तैतो या जपानी कंपनीसाठीं रचलेला १९७८ सालचा 'स्पेस इन्व्हेडर्स'. परग्रहावरील शत्रूंच्या रांगा वरून खालीं सरकत येतात, आणि जसजसे ते कमी होतात तसतसे उरलेले अधिक वेगानें चालून येतात. खेळणाऱ्याच्या छातींत धडकी भरविणाऱ्या या वेगाचें कारण मोठें गमतीचें आहे. इतक्या आकृत्या एकाच वेळीं हलविणें त्या काळच्या यंत्रास जड जात असे; आकृत्या घटल्या कीं त्याचा भार हलका होई व उरलेल्यांस आपोआप गति येई. निशिकादो यांनीं ही यंत्राची मर्यादा न झांकतां तीच खेळाचा प्राण बनविली. परंतु त्या शत्रूंचा हेतु काय, ते कोठून आले, त्यांना आपल्याशीं कांहीं बोलावयाचें होतें काय, हे प्रश्न तेथें उद्भवूंच शकत नाहींत. १९९३ च्या 'डूम' मध्यें मंगळाच्या उपग्रहांवर वस्तु क्षणार्धांत एका स्थळाहून दुसऱ्या स्थळीं धाडण्याचे प्रयोग चालले असतां नरकाचें दार उघडतें. म्हणजे कथेचा आरंभ प्रयोगशाळेंत होतो, पण पुढील सर्व कारभार बंदुकीकडे जातो.

आपल्याकडेहि या प्रकारांत मोठा उद्योग झाला आहे. पुण्याच्या सुपरगेमिंग या कंपनीनें २०२४ सालीं 'इंडस' हा खेळ प्रसिद्ध केला. विरलोक नांवाच्या ठिकाणीं उतरणारे योद्धे, त्यांचीं वस्त्रें, वास्तु, शस्त्रें यांस भारतीय वळण देऊन आपल्या कल्पनेंतील भविष्यकाळ रंगविण्याचा हा प्रयत्न आहे. पाश्चात्य पोशाखांतील भविष्यच आजवर पाहणाऱ्या आमच्या डोळ्यांस ही गोष्ट सुखाची वाटली, हें प्रांजळपणें सांगितलें पाहिजे. तथापि पुष्कळांनीं उतरावें व शेवटीं थोडक्यांनीं उरावें, हा त्या प्रकाराचा ठराविक कायदा तेथेंहि लागू आहेच. अंगरखा आपला झाला. सांगाडा होता तोच राहिला. या प्रकाराची निंदा करण्याचा आमचा उद्देश नाहीं. संकटांत हात न कांपूं देणें हाहि एक गुण आहे, व तो हे खेळ शिकवितात. मात्र ज्यास निशाण्यापलीकडे कांहीं होतां येत नाहीं, तो परग्रहवासी खरा परका नव्हे. तो नुसता फळ्यावरचा ठिपका होय.

आतां बंदूक खालीं ठेवून सेनापतीच्या आसनावर बसूं. १९९८ सालीं निघालेल्या 'स्टारक्राफ्ट' मध्यें खेळाडू आकाशांतून रणभूमीकडे पाहतो. खालीं तीन जाती झगडत असतात: टेरन म्हणजे माणसें, किड्यांसारखे झर्ग, आणि प्रगत असे प्रोटॉस. खनिज व वायु गोळा करावा, त्यांतून इमारती व सैन्य उभारावें, व शत्रूच्या आधीं उभारावें, हा क्रम. परग्रह म्हणजे येथें एक नकाशा, व जमीन म्हणजे खाण. असें असूनहि गोळीबाराच्या खेळाला न साधलेली एक गोष्ट या प्रकाराला साधते. तिन्ही जातींचे नियम निरनिराळे आहेत, आणि खेळाडूस कोणत्याहि बाजूनें खेळतां येतें. 'डूम' मधील राक्षसाच्या जागीं कथेच्या ओघांत आपण कधीं उभे राहत नाहीं. झर्गांच्या बाजूनें खेळणाऱ्यास मात्र झर्गांची निकड, त्यांची घाई, त्यांची ताकद, निदान हिशोबापुरती तरी कळते. परक्याचें मन कळण्याची ही पहिली पायरी होय. या पायरीवर एक वस्तु मात्र दिसेनाशी होते. ती म्हणजे सैनिक. मरणारा शिपाई हा त्या उंचीवरून एका संख्येंतील वजाबाकी असतो.

सेनापतीच्या शेजारीं व्यापारी बसवावा. १९८४ सालीं डेव्हिड ब्रेबेन व इअन बेल या दोन केंब्रिजच्या विद्यार्थ्यांनीं 'एलीट' हा खेळ केला. ज्या संगणकावर तो निघाला त्याची स्मरणशक्ति अवघी ३२ किलोबाइट, म्हणजे आजच्या एका साध्या छायाचित्रासहि न पुरणारी. तेवढ्या जागेंत त्यांनीं ८ दीर्घिका व प्रत्येकींत २५६ ग्रह, असे २,०४८ ग्रह बसविले. हें कसें साधलें? ग्रहांचीं वर्णनें त्यांनीं सांठविलींच नाहींत. कांहीं बीजसंख्या घेतल्या, त्यांवर ठराविक गणित चालविलें, आणि ज्या ग्रहावर खेळाडू जाईल त्याचें नांव, राज्य व बाजार त्या गणितांतून त्या त्या वेळीं उगवूं दिला. शेतीच्या ग्रहावर धान्य स्वस्त घ्यावें, कारखान्यांच्या ग्रहावर विकावें, तेथून यंत्रें घेऊन परतावें, असा हा सार्थवाहाचा धंदा. चितेगांवाचा रस्ता ज्या पैठणास जातो, तें प्राचीन प्रतिष्ठान याच धंद्यावर नांवारूपास आलें होतें. 'पेरिप्लस' या पहिल्या शतकांतील ग्रीक प्रवासग्रंथांत तेथील अकीक भडोचच्या बंदरास जात असल्याचा उल्लेख आहे. 'एलीट' च्या बाजारांत मात्र धान्य व यंत्रें यांच्याच यादींत गुलामहि आहेत. ते विकत घेतां येतात. घेतल्यास पोलिस पाठीस लागतात. या खेळांत पाप निषिद्ध नाहीं, तें केवळ जोखमीचें आहे. व्यापाराच्या प्रकाराचा हा स्वभावच म्हणावा लागेल कीं, तेथें प्रत्येक वस्तूस भाव असतो, आणि ज्यास भाव नाहीं तें दिसत नाहीं.

तिसरा प्रकार भूमिका घेऊन खेळावयाच्या खेळांचा. नाटकाच्या अभ्यासकास हा सर्वांत जवळचा वाटावा. २००७, २०१० व २०१२ या सालीं तीन भागांत निघालेल्या 'मास इफेक्ट' मध्यें खेळाडू एका यानाचा नायक होतो, आणि निरनिराळ्या ग्रहांवरील प्राण्यांशीं त्याला लढण्याइतकेंच बोलावें लागतें. पहिल्या भागांत कोणास वांचविलें, कोणास दुखविलें, याचें स्मरण दुसऱ्या व तिसऱ्या भागांत राहतें. परग्रहवासी येथें प्रथमच संवादाचा भागीदार होतो. त्याला जुनीं वैरें आहेत, गाऱ्हाणीं आहेत, क्वचित् विनोदबुद्धीहि आहे. हें नातें खेळणारांनीं किती मनावर घेतलें, याचें प्रत्यंतर २०१२ सालीं आलें. तिसऱ्या भागाचा शेवट त्यांस पटला नाहीं. आम्हीं केलेल्या निवडींचें शेवटीं चीज झालें नाहीं, असा ओरडा झाला, आणि कर्त्या कंपनीस त्याच वर्षीं विस्तारित शेवट प्रसिद्ध करावा लागला. नाटक न आवडल्यास प्रेक्षक उठून जातो. येथें प्रेक्षकच पात्र असल्यामुळें त्यानें आपल्या भूमिकेचा हिशोब मागितला. या प्रकाराची मर्यादाहि येथेंच आहे. नायक जें बोलूं शकतो तें आधींच कोणीतरी लिहून ठेवलेलें असतें. चार उत्तरांपैकीं एक निवडणें म्हणजे पांचवें सुचणें नव्हे.

आतांपर्यंतच्या प्रकारांत विज्ञान बहुतांशीं पाठीमागच्या पडद्यावर होतें. तें पुढें येऊन बसलें आहे अशा प्रकारास प्रतिकृतीचे खेळ म्हणतां येईल. मेक्सिकोंतील स्क्वाड या कंपनीचा 'कर्बल स्पेस प्रोग्रॅम' हा खेळ २०१५ सालीं पूर्णरूपानें बाहेर आला. त्यांत शत्रु नाहीं. हिरव्या रंगाच्या बुटक्या प्राण्यांसाठीं अग्निबाण जुळवावा व तो आकाशांत धाडावा, एवढेंच काम. पण कक्षांचे नियम जवळजवळ खरे. आपल्याच कक्षेंत पुढें असलेल्या यानास गांठावयाचें असेल, तर वेग वाढवून भागत नाहीं; उलट वेग कमी करून खालच्या कक्षेंत उतरावें लागतें, कारण तेथील फेरी लौकर पुरी होते. हें वाक्य वाचून पाठ होतें. दहा यानें गमावल्यावर मात्र तें अंगीं मुरतें. २०२३ च्या १४ जुलैस निघालेलें चंद्रयान-३ चंद्रावर उतरलें २३ ऑगस्टला. १९६९ सालीं अपोलो-११ चार दिवसांत उतरलें होतें. आपलें यान इतके दिवस काय करीत होतें, असें दाजींनीं जेवतांना विचारलें, तेव्हां भाच्यानें ताटांतील भाकरीस पृथ्वी केलें व शेंगदाण्यास यान केलें, आणि लहान अग्निबाणावर भागवावयाचें असल्यामुळें पृथ्वीजवळच्या बिंदूशीं दर खेपेस थोडें इंधन जाळून कक्षा कशी लांबवीत नेली, तें बोटानें फिरवून दाखविलें. आमच्या बहिणीस तें आमच्याआधीं समजलें.

यापुढें शोधाचे खेळ. २०१९ सालचा 'आउटर वाइल्ड्स' हा यांतील अत्यंत सुंदर नमुना. अलेक्स बीचम या विद्यार्थ्याच्या पदव्युत्तर प्रबंधापासून त्याचा आरंभ झाला. एका चिमुकल्या सूर्यमालेंत खेळाडू यान घेऊन हिंडतो. त्याच्याजवळ शस्त्र नाहीं. बावीस मिनिटांनीं सूर्याचा स्फोट होतो व सर्व कांहीं पुनः आरंभापासून सुरू होतें. धन, बळ, पदवी, कांहींहि पुढील फेरींत नेतां येत नाहीं; बरोबर येतें तें फक्त ज्ञान. नोमाई नांवाच्या नष्ट झालेल्या लोकांनीं भिंतींवर लिहून ठेवलेले लेख वाचीत, एका ग्रहावरील वाक्याचा अर्थ दुसऱ्या ग्रहावर लावीत, खेळाडूनें त्या जगाचें कोडें उलगडावयाचें असतें. परग्रहवासी येथें ग्रंथकार झाला आहे. आमच्याच जिल्ह्यांतील अजिंठ्याची हकीकत येथें सहज आठवते. १८१९ सालीं जॉन स्मिथ हा इंग्रज अधिकारी शिकारीस निघाला असतां तीं लेणीं त्याच्या दृष्टीस पडलीं, व त्यानें तेथें आपलें नांव खरडून ठेवलें. ब्राह्मी लिपीचा उलगडा जेम्स प्रिन्सेप यांनीं केला तो १८३७ सालीं. प्रथम बंदूकवाला आला, वाचणारा मागाहून आला. परंतु लेणीं बोलूं लागलीं तीं वाचणाऱ्याशीं.

सर्वांत शेवटीं एक असा खेळ सांगतों कीं, जो चितेगांवांतच पाहावा. चेक प्रजासत्ताकांतील वूब सॉफ्टवेअर या कंपनीचा 'फॅक्टोरिओ' २०२० सालीं पूर्णरूपानें प्रसिद्ध झाला. एका अनोळखी ग्रहावर यान कोसळून एक अभियंता एकटा उरतो. प्रथम तो हातानें लोखंड, तांबें व कोळसा खणतो. मग खणणारीं यंत्रें करतो, मग यंत्रें करणारीं यंत्रें, आणि वस्तु वाहून नेणारे पट्टे. धूर पसरला कीं त्या ग्रहावरील प्राणी चवताळून हल्ला करतात. त्यांच्यासाठीं भिंती व तोफा कराव्या लागतात. अखेरीस अग्निबाण उडतो. येथील परग्रहवासी ना शत्रु, ना ग्राहक, ना सोबती. ते फक्त कामांतील व्यत्यय आहेत.

एके सायंकाळीं भाचा हा खेळ खेळत होता व दाजी मागें बाजेवर बसून पाहत होते. विद्युत्-मंडलें जुळविणारी रांग अडली होती. एका मंडलास लोखंडाचा एक पत्रा व तांब्याच्या तीन तारा लागतात. भाचा मंडलांचीं यंत्रें वाढवीत होता, तरी माल वाढेना. दाजी म्हणाले, "पुढच्या मशिनी नको वाढवूस. त्या उपाशी बसल्यात. मागं तार कमी पडायली, ते बघ." भाच्यानें तारेचें एक यंत्र वाढविलें, आणि पट्टा भरून वाहूं लागला. दोन मंडलयंत्रांस तीन तारयंत्रें हें तेथील प्रमाण आहे. दाजींस तें पडद्याकडे पाहून कळलें, कारण असल्या रांगेवर त्यांचें आयुष्य गेलें होतें. त्यांनीं मग बराच वेळ तो कारखाना न्याहाळला व विचारलें, "समदं बराबर हाये. पण ह्यात माणसं कुठं हायेत?"

"मी आहे की, बाबा. एकटाच."

"मग जेवणाच्या सुट्टीत बोलायचं कुणाशी?"

भाचा हंसला, दाजी हंसले नाहींत. आमच्या मतें या प्रश्नांत त्या खेळावरील अत्यंत मार्मिक टीका आली आहे. 'फॅक्टोरिओ' चा नियम खोटा नाहीं. मागची रांग उपाशी राहिली कीं पुढची थांबते, हें प्रत्येक कारखान्यांत खरेंच आहे, व धुराचें देणें द्यावें लागतें, हेंहि खरें आहे. परंतु प्रत्येक अडचण ही पुरवठ्याची अडचण आहे, असें हा प्रकार शिकवितो. आणि ज्या पाळीवर माणसें येतात, डबा उघडतात, भांडतात, मुलीच्या लग्नाची बोलणी करतात, ती पाळी त्याच्या गणितांत कोठेंच बसत नाहीं. चितेगांवच्या पुढें याच रस्त्यावर बिडकीन येथें ऑरिक या नव्या औद्योगिक नगरीचा एक भाग आंखला आहे. तेथील यंत्रांच्या रांगा आंखणारांत उद्यां आमचा भाचा असूं शकेल. त्याच्या मनांत कारखान्याचें जें चित्र उमटेल, त्यावर इतर कोणाचे तरी संसार अवलंबून राहतील. सध्यां तो पदवीच्या प्रकल्पासाठीं एका लहान कारखान्याची रांग कागदावर मांडीत आहे. परवां तो कागद त्यानें वडिलांपुढें ठेवला, आणि मोजमापें बाजूस राहून दोघांचा वाद भोजनाची जागा कोठें असावी यावर दोन तास चालला.

जयंत नारळीकर यांनीं १९७४ सालीं मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेस 'कृष्णविवर' ही कथा 'नारायण विनायक जगताप' या टोपणनांवानें पाठविली व ती बक्षिसास पात्र ठरली. तेव्हांपासून २०२५ सालीं त्यांचें निधन होईपर्यंत मराठी वाचकांस त्यांनीं एक कसोटी दिली. ती ही कीं, कथेंतून विज्ञान काढून घेतल्यावर कथा उभी राहत असेल, तर ती विज्ञानकथाच नव्हे. खेळांस हीच कसोटी लावली, तर 'कॉन्ट्रा' नापास होतो आणि 'स्पेसवॉर', 'कर्बल', 'आउटर वाइल्ड्स' व 'फॅक्टोरिओ' उत्तम रीतीनें उतरतात. परंतु दाजींच्या प्रश्नानें या कसोटीस दुसरी एक जोडावी लागते. नियमांत विज्ञान असणें पुरेसें नाहीं. त्या नियमांतून कोणास वगळलें आहे, हेंहि पाहिलें पाहिजे. गोळीबाराचा खेळ शत्रूचें मन वगळतो. सेनापतीचा खेळ शिपायास वगळतो. व्यापाराचा खेळ अमोल वस्तु वगळतो, भूमिकेचा खेळ न लिहिलेलें उत्तर वगळतो, प्रतिकृतीचा खेळ कशासाठीं उडावें हा प्रश्न वगळतो, शोधाचा खेळ पोटाची चिंता वगळतो, आणि कारखान्याचा खेळ कामगारास वगळतो. यांत कोणाचाच अपराध नाहीं. कांहीं वगळल्याशिवाय खेळ होत नाहीं, जसें कांहीं वगळल्याशिवाय नाटक होत नाहीं. अपराध होतो तो एकच प्रकार रात्रंदिवस खेळून त्यालाच जग समजणाऱ्याचा.

अतिरेकाचा धोका खराच आहे, व जागतिक आरोग्य संघटनेनें २०१९ सालीं स्वीकारलेल्या रोगांच्या वर्गीकरणांत खेळाच्या व्यसनासहि स्थान दिलें आहे. तेव्हां तास मोजणाऱ्या आईबापांस आम्ही दोष देत नाहीं. तास अवश्य मोजावे. परंतु घड्याळाकडे पाहून झाल्यावर क्षणभर मुलाच्या शेजारीं बसावें, आणि "हें बंद कर" असें म्हणण्यापूर्वीं "यांत कोणता नियम आहे, आणि कोण नाहीं?" एवढें त्यास विचारावें. पहिल्या प्रश्नाचें उत्तर मुलगा उत्साहानें देईल. दुसऱ्यास तो कदाचित् अडखळेल; तेथें घरांतील वडील माणसांनीं आपला अनुभव सांगावा. तेवढा त्यांच्यापाशीं असतोच.